लाट आली नाही तेव्हा : अमेरिकेतील २०२२च्या मध्यावधीचे प्रकरण

२०२२च्या जूनमध्ये अमेरिकेत अनेक पेट्रोल पंपांवर आकडे फिरणाऱ्या काचेशेजारी एक स्टिकर दिसायचा. त्यावर अध्यक्ष जो बायडन बोट दाखवत उभे. चिकटवणाऱ्याने ते बोट बरोबर रकमेवर येईल असे बसवलेले, आणि सोबत मजकूर: ‘हे मी केलं’. पंपवाले खरवडून काढत, की पुन्हा नवा लागे. त्या महिन्यात गॅलनचा देशभरातला सरासरी भाव पहिल्यांदाच पाच डॉलरच्या वर गेला. गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर. महागाईचा दर ९.१ टक्के, चाळीस वर्षांतला सर्वांत जास्त. मतदानाला पाच महिने उरले होते आणि सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचे पानिपत होणार याबद्दल क्वचितच कुणाला शंका होती.

पानिपत झाले नाही. राजकारणाची आवड असलेल्यांनी हे प्रकरण बारकाईने पाहावे असे मला मनापासून वाटते. सत्ताधाऱ्यांची ताकद मोजण्याची आपली नेहमीची पट्टी इथे चुकली, आणि ती का चुकली हे जागा, तारीख आणि आकड्यांनिशी सांगता येते.

आधी एका शब्दाचा खुलासा. आपल्याकडे ‘मध्यावधी’ म्हटले की सरकार पडले, सभागृह विसर्जित झाले आणि वेळेआधी मतदान आले असे चित्र डोळ्यांसमोर येते: १९८०, १९९८, १९९९. अमेरिकेत तसे नसते. तिथे अध्यक्षांची मुदत चार वर्षांची आणि प्रतिनिधीगृहाची दोनच वर्षांची. त्यामुळे अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या साधारण एक तृतीयांश जागा आणि बऱ्याच राज्यांची गव्हर्नरपदे (आपल्या मुख्यमंत्रिपदासारखी) एकाच दिवशी मतदानाला येतात. दिवस कायद्याने बांधलेला: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. अध्यक्ष स्वतः मतपत्रिकेवर नसतात, पण लोकांचा राग निघतो तो त्यांच्या पक्षाच्या उमेदवारांवर.

जूनमधला हिशेब

इतिहास सरळ सरळ सत्ताधाऱ्यांच्या विरोधात होता. गेल्या शंभर वर्षांत १९३४, १९९८ आणि २००२ ही तीनच वर्षे अशी, की अध्यक्षांच्या पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा मध्यावधीत घटल्या नाहीत. त्या तिन्हींमागे मोठी कारणे होती. १९३४ मध्ये महामंदीतून देशाला वर काढू पाहणारे रूझवेल्ट होते. १९९८ मध्ये विरोधकांनी महाभियोगाचा दोर फार ताणल्यामुळे क्लिंटन यांना सहानुभूती मिळाली. २००२ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर देश बुश यांच्या मागे उभा होता. एरवी ओबामांच्या पक्षाने २०१० मध्ये ६३ जागा घालवल्या, ट्रम्प यांच्या पक्षाने २०१८ मध्ये ४०. अध्यक्षांची पसंती ५० टक्क्यांच्या खाली असेल तर पक्षाला सरासरी ३७ जागांचा फटका बसतो, असे गॅलप या सर्वेक्षण संस्थेचे जुने गणित होते. बायडन यांची पसंती मतदानाच्या तोंडावर ४० टक्के होती.

आणि गमावायला हाताशी काहीच नव्हते. २०२० मध्ये प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटिक २२२, रिपब्लिकन २१३ असा निकाल लागला होता. म्हणजे पाच जागा इकडच्या तिकडे झाल्या की बहुमत गेले. सिनेटमध्ये तर ५०-५०, आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मतावर कारभार चाललेला.

पडझड आदल्या वर्षीच सुरू झाली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून सैन्य काढताना काबूल विमानतळावरच्या स्फोटात १३ अमेरिकी सैनिक मारले गेले, आणि बायडन यांची पसंती तेव्हा घसरली ती सावरलीच नाही. त्याच नोव्हेंबरात व्हर्जिनियाचे गव्हर्नरपद रिपब्लिकन ग्लेन यंगकिन यांनी जिंकले. वर्षभरापूर्वी याच राज्यात बायडन दहा टक्क्यांनी पुढे होते. पुढे फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि तेल भडकले.

हा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा होता, आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हते इतके पक्के मानले जात होते. मतदार मतदान केंद्रावर जाईल तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असेल, ‘या सरकारवर मी समाधानी आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर तो समोरच्याला मत देईल. मध्यावधीत बहुतेक वेळा हेच घडते. पण तोच मतदार ‘या दोघांतला कोण परवडेल?’ असा प्रश्न घेऊन निघाला, तर तीच महागाई आणि तेच नावडते अध्यक्ष असूनही निकाल वेगळा लागतो. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. पहिला प्रश्न बदलून दुसरा करणे सत्ताधाऱ्यांच्या हातात फारसे नसते. २०२२ मध्ये ते काम इतरांनी केले.

कॅन्ससचा ऑगस्ट

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा १९७३ पासूनचा घटनात्मक हक्क रद्द केला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. मेच्या सुरुवातीला निकालपत्राचा मसुदा फुटला होता, त्यामुळे धक्का अनपेक्षित नव्हता. तरी राजकीय परिणाम किती होईल याबद्दल डेमोक्रॅटिक गोटातही खात्री नव्हती. ‘महिनाभर राग राहील, मग लोक किराणा आणि पेट्रोलवर येतील,’ असे तेव्हा बरेच जण धरून चालले होते.

पहिली परीक्षा कॅन्ससमध्ये झाली, आणि तिची रचना पाहिली की निकालाचे वजन कळते. कॅन्सस हा रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. ट्रम्प यांनी २०२० मध्ये तो पंधरा टक्क्यांच्या आसपास आघाडीने जिंकला होता. तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले होते की राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क अंतर्भूत आहे. तो काढून टाकणारी दुरुस्ती विधिमंडळाने लोकांसमोर ठेवली, आणि मतदानासाठी निवडली ती ऑगस्टमधल्या प्राथमिक फेरीची तारीख. प्राथमिक फेरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याचे मतदान. त्या दिवशी रिपब्लिकन मतदार येतो, डेमोक्रॅट कमी येतो, आणि कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेला मतदार तर येतच नाही, कारण एरवी त्याला त्या दिवशी काही कामच नसते. त्यात मतपत्रिकेवरचा मजकूर असा गुंतागुंतीचा, की हक्क टिकवायचा असेल तर ‘नाही’ म्हणायचे आणि काढायचा असेल तर ‘होय’. मतदानाच्या आदल्या दिवशी लोकांच्या फोनवर नेमकी उलटी समजूत करून देणारे निनावी संदेशही गेले.

तरीही २ ऑगस्टला नऊ लाखांहून जास्त लोक आले. चार वर्षांपूर्वीच्या प्राथमिक फेरीच्या जवळजवळ दुप्पट. ‘नाही’ला ५९ टक्के.

हे घडवणाऱ्यांची प्रचाराची भाषा मला फार शिकण्यासारखी वाटते. त्यांच्या काही जाहिरातींत गर्भपाताच्या बाजूने वा विरोधात एक शब्दही नव्हता. सरकारने तुमच्या घरात, तुमच्या डॉक्टरच्या खोलीत नाक खुपसावे का, एवढेच विचारले होते. कोविडच्या काळात मास्कच्या सक्तीवर चिडलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत सांगितले होते की ही आणखी एक सक्ती येते आहे. त्यामुळे रिपब्लिकन मतदाराला आपला पक्ष न सोडता ‘नाही’वर खूण करता आली. मतदाराला त्याच्या आहे त्या जागेवरून हलायला न लावता सोबत घेण्याची ही हातोटी पक्षनेत्यांत अभावानेच दिसते.

तीन आठवड्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या एका पोटनिवडणुकीत पॅट रायन या डेमोक्रॅटिक उमेदवाराने असाच धागा पकडला. समोरचे मार्क मोलिनारो महागाई आणि गुन्हेगारीवर बोलत होते, पारडे त्यांचे जड मानले जात होते. रायन दोनेक टक्क्यांनी निवडून आले. अलास्कात डेमोक्रॅटिक मेरी पेल्टोला यांनी रिपब्लिकन सारा पेलिन यांना हरवले. महिनाभरात लागलेल्या या निकालांनी एक गोष्ट दाखवून दिली: सर्वेक्षणात लोक अध्यक्षांवर नाराज आहेत आणि प्रत्यक्ष मतदानात अध्यक्षांच्याच पक्षाला मते पडताहेत, हे एकाच वेळी होऊ शकते.

मिशिगनमध्ये तर हा लढा अक्षरांमधल्या मोकळ्या जागेवर येऊन ठेपला. तिथे १९३१चा जुना बंदीचा कायदा पुस्तकात तसाच पडून होता. तो जिवंत होऊ नये म्हणून राज्यघटनेत हक्क लिहून घेण्यासाठी साडेसात लाखांहून अधिक सह्या जमवल्या गेल्या. छापील अर्जात काही शब्दांमधली जागा इतकी कमी होती की शब्द एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत, अशी हरकत आली. पडताळणी मंडळात दोन्ही पक्षांचे दोन-दोन सदस्य. मते दोन विरुद्ध दोन पडली आणि प्रस्ताव अडकला. शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतपत्रिकेवर घेण्याचा आदेश दिला. साडेसात लाख माणसांच्या सह्या एका रिकाम्या जागेसाठी बाद होऊ पाहत होत्या, हे मिशिगनच्या मतदाराने पाहिले. नोव्हेंबरात प्रस्ताव ५६ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला, गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर दहा टक्क्यांच्या फरकाने परत आल्या आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहे जवळजवळ चाळीस वर्षांनी एकत्र डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली.

याच मिशिगनमधून, डेट्रॉइटच्या मतदारसंघातून, त्या नोव्हेंबरात बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार प्रतिनिधीगृहात गेले. मराठी घरांत त्या विजयाचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे. पण त्यांची खरी लढत नोव्हेंबरात नव्हती. नऊ उमेदवारांच्या प्राथमिक फेरीत २ ऑगस्टलाच ती संपली होती, आणि तिथे २८ टक्क्यांच्या आसपास मते पुरेशी ठरली. पुढची निवडणूक हा औपचारिक भाग. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला सुमारे सात दशकांत प्रथमच कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, याची हळहळही तिथे होती. अमेरिकेतल्या ४३५ पैकी बहुतेक जागा अशाच आधीच ठरलेल्या असतात. देशभरातल्या लाटेची चर्चा होते, पण तिने खरोखर फरक पडतो तो मोजक्या काही डझन जागांवर. सत्ताधाऱ्यांचे भवितव्य तपासणाऱ्याने आधी त्या जागांची यादी हातात घ्यावी.

समोर कोण उभे होते

दुसरी मदत विरोधकांनी स्वतः केली. रिपब्लिकन पक्षात तिकीट कुणाला मिळणार हे प्राथमिक फेरीत ठरते, आणि २०२२ मध्ये त्या फेरीत ट्रम्प यांचा शब्द बहुतेक ठिकाणी निर्णायक होता. ट्रम्प यांची अट ठरलेली: २०२० ची निवडणूक आपल्याकडून चोरली गेली, हे उमेदवाराने म्हटले पाहिजे. ही अट पक्षातल्या मतदाराला भावली तरी कुंपणावरच्या मतदाराला अस्वस्थ करणारी होती.

पेनसिल्वेनियात सिनेटसाठी टीव्हीवरचे प्रसिद्ध डॉक्टर मेहमेट ऑझ उभे केले गेले. ते वर्षानुवर्षे शेजारच्या न्यू जर्सीत राहिलेले. आपल्या भाषेत उपरे उमेदवार. महागाईवर प्रचार करावा म्हणून त्यांनी किराणा दुकानात एक व्हिडिओ केला. हातात ब्रोकोली, गाजर, शतावरीचे कोंब घेऊन त्यांनी किमतींची बेरीज सांगितली आणि हे सारे आपल्या पत्नीला ‘क्रुदिते’साठी हवे आहे म्हणाले. फ्रेंच मेजवानीत कच्च्या भाज्यांच्या तबकाला हा शब्द वापरतात. वर दुकानाचे नावही चुकले. विषय अगदी योग्य होता, भाव खरेच चढले होते. पण हा माणूस आपल्यासारखा बाजार करत नाही, हे बघणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळले. प्रतिस्पर्धी जॉन फेटरमन यांनी लगेच उत्तर दिले की आमच्याकडे याला भाजीचा ट्रे म्हणतात. फेटरमन यांना मे महिन्यात पक्षाघाताचा झटका आला होता. ऑक्टोबरच्या वादफेरीत शब्द अडखळत होते, ते ऐकताना अवघडल्यासारखे होत होते, आणि त्या रात्री अनेकांनी त्यांचा पराभव गृहीत धरला. ते जवळजवळ पाच टक्क्यांनी जिंकले. रिपब्लिकनांकडची ही एक जागा डेमोक्रॅटिक पक्षाने खेचून घेतली आणि सिनेट टिकले.

रिपब्लिकनांचे सिनेटमधले नेते मिच मॅकॉनल यांनी ऑगस्टमध्येच जाहीरपणे उमेदवारांच्या दर्जाचा मुद्दा काढला होता. त्यांना वारे कळले होते, पण तिकिटे वाटून झाली होती.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जॉर्जियात मिळतो, कारण तिथे एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर दोन रिपब्लिकन होते. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी २०२० चा निकाल फिरवायला ट्रम्प यांना नकार दिला होता. ते साडेसात टक्क्यांनी निवडून आले. सिनेटचे उमेदवार हर्शल वॉकर हे ट्रम्प यांची पसंती असलेले माजी फुटबॉलपटू. त्यांना केम्प यांच्यापेक्षा सुमारे दोन लाख मते कमी पडली. डेमोक्रॅटिक राफाएल वॉर्नॉक यांनी डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत ती जागा राखली.

सगळे श्रेय गर्भपाताच्या निकालाला देणाऱ्यांना केम्प यांच्यापाशी थांबावेच लागते. त्यांनी स्वतः सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली होती आणि ते सहज जिंकले. ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर माइक डिवाइन यांनीही तशाच कायद्यावर सही केली होती. ते पंचवीस टक्क्यांनी जिंकले. मग काय समजायचे? मला दिसते ते असे: मतदार ‘घडी कोण विस्कटेल’ हे पाहत होता. हातात असलेला हक्क अचानक गेला, हीही एक विस्कटलेली घडी. निकाल मान्य न करणारा उमेदवार निवडणूक यंत्रणेवर बसू पाहतो, हीही तशीच. जिथे रिपब्लिकन उमेदवार ओळखीचा, कारभार करून दाखवलेला होता, तिथे ही भीती त्याला चिकटली नाही. अ‍ॅरिझोना, नेवाडा आणि मिशिगनमध्ये निवडणुकीची देखरेख करणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदासाठी २०२० चा निकाल नाकारणारे उमेदवार उभे होते. तिघेही पडले. अ‍ॅरिझोनात गव्हर्नरपदाच्या उमेदवार कॅरी लेक सतरा हजारांच्या आसपास मतांनी हरल्या. त्या राज्यात २५ लाखांहून जास्त लोकांनी मतदान केले होते.

इथे सत्ताधाऱ्यांच्या एका कृत्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मिशिगनच्या तिसऱ्या मतदारसंघात पीटर मायर हे रिपब्लिकन खासदार होते. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प समर्थकांनी अमेरिकी संसदेवर केलेल्या हल्ल्यानंतर स्वपक्षाच्या ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवण्याच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी ते एक. प्राथमिक फेरीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीने चार लाख डॉलरहून अधिक खर्च करून त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला कडवा ट्रम्पवादी म्हणून पुढे आणणारी जाहिरात दाखवली. हेतू हा की कडवा उमेदवार पुढे आला तर नोव्हेंबरात तो हरवायला सोपा. मायर हरले, आणि नोव्हेंबरात ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाला मिळालीही. तरी मला हे मुळीच पटत नाही. एकीकडे लोकशाही धोक्यात आहे म्हणून मते मागायची आणि दुसरीकडे तिच्यासाठी स्वतःची खुर्ची पणाला लावणाऱ्या माणसाला पाडायला पैसे घालायचे, यातून पुढच्या वेळी असे धाडस करू पाहणाऱ्याला काय निरोप जातो? आकड्यांत तो डाव जमला म्हणून तो योग्य ठरत नाही.

घरच्या मैदानावर

आता उलट बाजू, आणि ती सत्ताधाऱ्यांना जास्त झोंबणारी आहे. प्रतिनिधीगृह गेले ते कॅन्सस किंवा जॉर्जियात नाही. ते मोठ्या प्रमाणात न्यूयॉर्कमध्ये गेले.

न्यूयॉर्क हे डेमोक्रॅटिक पक्षाचे हक्काचे राज्य. तिथे पक्षाने मतदारसंघांची अशी फेररचना केली की विरोधकांना चारच जागा उराव्यात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये तो नकाशा रद्द केला आणि तज्ज्ञाकरवी नवा काढून घेतला. मग स्वपक्षातच जागांसाठी धावाधाव झाली. प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीची देशभराची सूत्रे ज्यांच्याकडे होती ते शॉन पॅट्रिक मलोनी यांनी आपला मतदारसंघ सोडून शेजारच्या, तुलनेने सोप्या वाटणाऱ्या मतदारसंघावर हक्क सांगितला. तिथल्या तरुण सहकाऱ्याला दुसरीकडे जावे लागले. नोव्हेंबरात मलोनीच तिथे १,८२० मतांनी पडले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या मतदाराला गर्भपाताच्या हक्काची काळजी नव्हती. तिथे तो राज्याच्या कायद्याने सुरक्षित होता. निवडणूक कुणी उलटवेल अशी भीतीही नव्हती. त्यामुळे तिथला माणूस जुन्याच प्रश्नावर राहिला: सरकारवर मी समाधानी आहे का? गुन्हेगारी, घरभाडे आणि लोकलमधली सुरक्षितता याच विषयांवर रिपब्लिकन ली झेल्डिन यांनी प्रचार केला. बायडन यांनी २३ टक्क्यांनी जिंकलेल्या राज्यात गव्हर्नर कॅथी होकल यांची आघाडी सहा टक्क्यांवर आली. पक्षाच्या १९ जागांच्या १५ झाल्या. फ्लोरिडात रिपब्लिकन गव्हर्नर रॉन डिसँटिस १९ टक्क्यांनी जिंकले आणि तिथला नवा नकाशाही रिपब्लिकनांच्या कामी आला.

म्हणजे त्या दिवशी एकाच देशात दोन निवडणुका झाल्या. ऑगस्टच्या पोटनिवडणुकीतले दोघेही प्रतिस्पर्धी, रायन आणि मोलिनारो, नव्या नकाशात वेगवेगळ्या शेजारी मतदारसंघांतून नोव्हेंबरात निवडून आले.

बेरीज अशी: प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन २२२, डेमोक्रॅटिक २१३. बहुमत गेले, पण तूट नऊ जागांचीच. रिपब्लिकनांनी सर्वांत कमी फरकाने जिंकलेल्या पाच जागांवरच्या फरकांची बेरीज केली तर ती सात हजारांच्या आत येते. तेवढ्यावर सभागृह फिरले. सिनेटमध्ये उलट एक जागा वाढून ५१. अध्यक्षांच्या पक्षाचा एकही विद्यमान सिनेटर न पडण्याची १९३४ नंतरची ही पहिलीच मध्यावधी. देशभरातल्या एकूण मतांत मात्र रिपब्लिकन पक्ष सुमारे तीन टक्क्यांनी पुढे होता.

निकालाचे वाचन

एक्झिट पोलमधला एक आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बायडन यांचे काम ‘थोडेसे नापसंत’ असे सांगणारे मतदार दहापैकी एक होते. इतर मध्यावधींत असा मतदार मोठ्या फरकाने विरोधकांकडे जातो. २०२२ मध्ये त्यांच्यातल्या ४९ टक्क्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिले आणि ४५ टक्क्यांनी रिपब्लिकनांना. अध्यक्ष नकोसे वाटत असूनही त्यांच्या पक्षाला मत देणारा हाच तो माणूस. त्याच्यामुळे लाट अडली.

पण त्याने अध्यक्षांना पसंती दिली नव्हती. त्याच एक्झिट पोलमध्ये दोन तृतीयांश मतदारांनी सांगितले होते की बायडन यांनी २०२४ मध्ये पुन्हा उभे राहू नये. निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत, पुढच्या दोन वर्षांत तुम्ही वेगळे काय कराल असे विचारले तेव्हा अध्यक्षांचे उत्तर होते, काहीच नाही. पक्षात उमेदवारी बदलण्याची जी कुजबुज होती ती या निकालाने थांबली. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा लढण्याची घोषणा केली, आणि पक्षातला एकही वजनदार नेता आडवा आला नाही. मला या प्रकरणात सर्वांत वाईट वाटते ते इथे. मतदाराने समोरच्याला नाकारताना दिलेले मत पक्षाने आपल्या नेत्याच्या खात्यात जमा केले. ती चूक उमगायला जून २०२४ ची ट्रम्प यांच्याबरोबरची वादफेरी, जिथे बायडन वारंवार अडखळले, यावी लागली. २१ जुलैला बायडन बाजूला झाले आणि हॅरिस यांच्या हातात जेमतेम साडेतीन महिने उरले.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी अ‍ॅरिझोनाच्या मतपत्रिकेवर दोन्ही गोष्टी होत्या. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत लिहावा का, आणि अध्यक्ष कोण असावा. पहिल्याला ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘होय’ म्हटले. त्याच कागदावर, त्याच राज्यात, ट्रम्प साडेपाच टक्क्यांनी जिंकले. हक्काची काळजी मतदाराने एका चौकोनात मिटवली, आणि दुसऱ्या चौकोनापाशी तो जुन्या प्रश्नाकडे, किराण्याच्या बिलाकडे, मोकळेपणी वळला.